आवक कळते, जावक कोण सांगणार?

वर्षानुवर्षे या देशात एक आकडा वेदवाक्यासारखा उच्चारला जात होता. मालाची वाहतूक, साठवण आणि हाताळणी यांवर भारतात राष्ट्रीय उत्पन्नाच्या तेरा ते चौदा टक्के खर्च होतो, प्रगत देशांत तो आठ-नऊ टक्क्यांच्या घरात असतो, म्हणून आपला माल महाग पडतो, असे मंत्र्यांच्या भाषणांपासून महाविद्यालयीन परिसंवादांपर्यंत सर्वत्र सांगितले जाई. १७ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले, तेव्हा हा खर्च एक अंकी टक्केवारीवर आणण्याचे उद्दिष्ट देशासमोर ठेवण्यात आले. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये 'एनसीएईआर' या संशोधन संस्थेने केलेली मोजणी प्रसिद्ध झाली. २०२१-२२ या वर्षी हा खर्च ७.८ ते ८.९ टक्क्यांच्या दरम्यान होता, असा तिचा निष्कर्ष निघाला. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने त्याच संस्थेच्या साहाय्याने अधिक काटेकोर पद्धतीने केलेला अभ्यास समोर आला; २०२३-२४ साठी तो आकडा ७.९७ टक्के भरला.

याचा सरळ अर्थ असा की, उद्दिष्ट जाहीर होण्यापूर्वीच ते गाठले गेलेले होते आणि याची कोणाला वार्ताही नव्हती! धोरणकर्त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे येथे काहीच कारण नाही. खंत वेगळीच आहे. एवढ्या मोठ्या राष्ट्राने आपल्या मालवाहतुकीविषयीचे धोरण, अंदाजपत्रके आणि आत्मनिंदासुद्धा कोणीतरी कधीतरी केलेल्या अंदाजावर उभी केली. मोजण्याची व्यवस्था नव्हती, म्हणून घोकण्याची व्यवस्था झाली. देशपातळीवर ही स्थिती असेल, तर जिल्ह्याच्या पातळीवर काय असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

अर्धी वही

महाराष्ट्रातील कोणतीही बाजार समिती घ्या. लासलगावला सकाळी लिलाव होतात. किती क्विंटल कांदा आला, किमान भाव काय, कमाल काय, सर्वसाधारण काय, ही माहिती त्याच दिवशी नोंदवली जाते आणि 'ॲगमार्कनेट'च्या माध्यमातून देशभर पोहोचते. ही व्यवस्था २००० सालापासून उभी राहत गेली आणि तिचा लाभ शेतकऱ्याला निश्चित झाला. परंतु व्यापाऱ्याची वही ज्याने पाहिली आहे, त्याला ठाऊक असते की वहीला दोन बाजू असतात. आवक आणि जावक. लासलगावचा कांदा लिलावानंतर कोठे गेला? किती बिहारकडे, किती बंगालकडे, किती दक्षिणेत, किती बंदराकडे? गाडीभाडे काय पडले, वाटेत किती दिवस गेले, किती माल सडला? हे व्यापाऱ्याला माहीत आहे, दलालाला माहीत आहे, गाडीच्या चालकाला माहीत आहे. नियोजनकर्त्याला आणि शेतकऱ्याला मात्र माहीत नाही.

याचे परिणाम शेतकऱ्याने भोगले आहेत. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद त्या काळात गावोगावी झडला. एक बाजू ग्राहकाचा कैवार घेत होती, दुसरी उत्पादकाचा. परंतु कांदाचाळीत माल किती उरला आहे, कोणत्या राज्यात किती गेला आहे, कोठे खरोखर तुटवडा आहे आणि कोठे केवळ साठेबाजीची अफवा आहे, याचा जिल्हानिहाय हिशेब सार्वजनिक व्यासपीठावर कोणीही मांडू शकला नाही. हिशेब नसला की उरतो तो आवाज. आणि ज्याचा आवाज राजधानीपर्यंत पोहोचतो, त्याचे म्हणणे खरे ठरते. नाशिकच्या शेतकऱ्याचा आवाज तेथपर्यंत किती पोहोचतो, हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

परंपरा डोळस होती

'आकडेवारी हे पाश्चात्त्यांचे शास्त्र, आपल्याकडे सारा कारभार अदमासाने चाले' असे मानणाऱ्यांनी कौटिलीय अर्थशास्त्रातील शुल्काध्यक्षाचे प्रकरण अवश्य वाचावे. नगराच्या महाद्वाराशी शुल्कशाळा असावी आणि तेथील चार-पाच अधिकाऱ्यांनी येणाऱ्या प्रत्येक सार्थाची नोंद करावी, असे तेथे सांगितले आहे. व्यापारी कोण, कोठून आले, माल किती, त्यावर मुद्रा कोठे उमटली, हे सारे लिहून ठेवावयाचे. पण्याध्यक्षाने कोणत्या मालाला कोठे मागणी आहे आणि कोठे नाही, हे जाणून असावे, अशीही अपेक्षा आहे. आजच्या परिभाषेत ज्याला मालवाहतुकीची प्रादेशिक आकडेवारी म्हणतात, ती याहून वेगळी काय असते?

स्वराज्याचे उदाहरण तर आपल्या अंगणातलेच आहे. १६७१ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदारास मिठाविषयी पाठविलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. पोर्तुगीजांच्या अमलातील बारदेशचे मीठ स्वस्त पडते, व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातील संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडेल, हे ओळखून बारदेशच्या मिठावर जकात अशा बेताने बसवावी की ते महाग पडावे, अशी आज्ञा त्यात आहे. दोन ठिकाणचे भाव, मालाची वाट आणि वाहतुकीनंतर पडणारी किंमत यांचे ज्ञान असल्याखेरीज अशी आज्ञा देता येत नाही. महाराजांचा निर्णय करारी होता, तसाच तो हिशेबीही होता.

आणि त्याच शतकात राजापूर, सुरत येथील वखारींत बसलेले इंग्रज काय करीत होते? कोणत्या गावी कोणता माल किती मिळतो, कोणत्या वाटेने येतो, कोण आणतो, भाव कधी चढतो आणि कधी उतरतो, हे लिहून विलायतेला धाडीत होते. त्या पत्रव्यवहारावरून आजही इतिहासकार त्या काळचे भाव शोधून काढतात. या देशात इंग्रजांची सत्ता पुढे आली. त्यांची वही तिच्याआधी आली होती. आपल्या मालाचे मार्ग आपल्यापेक्षा परक्याला अधिक ठाऊक असणे, याची किंमत हे राष्ट्र एकदा मोजून चुकले आहे.

माहिती आहे, पण कुलपात

ही माहिती गोळा करणे अवघड आहे, खर्चिक आहे, असा युक्तिवाद पंचवीस वर्षांपूर्वी कदाचित ऐकून घेता आला असता. आज तो टिकत नाही. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल सक्तीचे झाले. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा करपात्र माल राज्याबाहेर निघाला की पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पिनकोड, मालाचा संकेतांक, किंमत, वाहनाचा क्रमांक आणि अंतर, ही सारी नोंद संगणकावर होते. आता दरमहा दहा कोटींहून अधिक अशी बिले निघतात. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा आहे. कोणते मालवाहू वाहन कोणत्या नाक्यावरून केव्हा गेले, याची नोंद आपोआप होते. जवाहरलाल नेहरू बंदरात २०१६ पासून कंटेनरना इलेक्ट्रॉनिक खुणेची चकती लावली जाऊ लागली आणि आज आयात-निर्यातीच्या कंटेनरचा माग घरबसल्या काढता येतो.

म्हणजे परदेशी निघालेल्या पेटीचा ठावठिकाणा आपल्याला लागतो, पण इचलकरंजीचे कापड, जालन्याची सळई किंवा तासगावचा बेदाणा देशातल्या देशात कोठे किती जातो, हे कळत नाही! कोलकात्याचे वाणिज्यिक आसूचना व सांख्यिकी महासंचालनालय आंतरराज्य मालवाहतुकीची आकडेवारी प्रसिद्ध करते. परंतु ती रेल्वे, नदी आणि विमान यांपुरती. २०२० च्या राष्ट्रीय रेल्वे योजनेनुसार मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा सुमारे सत्तावीस टक्के उरला होता. ज्या रस्त्यांवरून देशाचा बहुतांश माल धावतो, ते रस्तेच त्या वहीत नाहीत. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' चाळावे. पाऊस किती पडला, गुरे किती, रस्ते किती किलोमीटर, वाहने किती, हे सारे त्यात सापडते. त्या रस्त्यांवरून त्या वाहनांनी काय वाहिले, हे मात्र सापडत नाही.

ई-वे बिलांची एकूण संख्या मात्र दर महिन्याला आवर्जून जाहीर होते. संख्या वाढली की अर्थव्यवस्था वधारली, असा अर्थ काढून वृत्तपत्रे मथळे देतात. परंतु चंद्रपूरहून पुण्याला काय गेले आणि पुण्याहून चंद्रपूरला काय आले, हे सांगणारा तक्ता त्याच भांडारातून काही दिवसांत तयार होऊ शकत असताना तो नागरिकांसमोर येत नाही. या व्यवस्थेकडे कर चुकविणाऱ्याला पकडण्याचे साधन म्हणूनच पाहिले गेले. चोर पकडणे आवश्यकच आहे. परंतु ज्या प्रामाणिक व्यापाऱ्याने कोट्यवधी वेळा ही नोंद स्वखर्चाने भरली, त्याला तिच्यातून काही परत मिळावे, हा विचार अद्याप कोणाला सुचलेला नाही.

या दिशेने काहीच घडले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'पंतप्रधान गतिशक्ती' योजनेने रस्ते, रेल्वे, बंदरे, वीजवाहिन्या यांचे नकाशे एका पटावर आणले आणि खात्याखात्यांतील भिंतींना खिंडार पाडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यातील निवडक, असंवेदनशील माहिती खासगी क्षेत्रासाठीही खुली करण्यात आली. लॉजिस्टिक्स धोरणाबरोबर आलेल्या 'यूलिप' या व्यासपीठाने अनेक मंत्रालयांच्या संगणकप्रणाली जोडल्या. हे कार्य अभिनंदनीय आहे. परंतु गतिशक्ती सांगते की रस्ता कोठे आहे. यूलिप सांगते की अमुक वाहन कोठे आहे. जिल्ह्याचा माल कोठे जातो, हा तिसरा आणि उद्योजकाच्या दृष्टीने पहिला प्रश्न दोन्हींकडे अनुत्तरितच राहतो.

अंधारात कोण ठेचकाळतो?

हा प्रश्न केवळ अर्थतज्ज्ञांचा आहे, असे समजून पान उलटू नये. परभणी किंवा सांगलीचा एखादा पदवीधर तरुण नोकरीची वाट न पाहता शीतगृह बांधू इच्छितो, किंवा दोन मालवाहू गाड्या घेऊ इच्छितो. बँकेचा अधिकारी त्याला विचारतो की, माल किती मिळेल, परतीचे भाडे मिळेल काय, हंगामाबाहेर गाडी उभी राहील काय? तरुणापाशी उत्तर नसते. तो मामाला विचारतो, ट्रान्सपोर्ट नगरातल्या दलालाला विचारतो, आणि ऐकीव माहितीवर घरची जमीन तारण ठेवतो. गाडी जाताना भरलेली आणि येताना रिकामी धावू लागली की हप्ते थकतात. मग 'मराठी माणसाला धंदा जमत नाही' असा शेरा मारावयास शेजारी मोकळे! धंदा न जमण्याचे कारण त्याच्या रक्तात शोधण्यापूर्वी ते त्याला नाकारलेल्या माहितीत शोधावे.

याउलट बलाढ्य ऑनलाइन विक्री कंपन्यांकडे पाहा. अमेझॉन अमेरिकन आहे. फ्लिपकार्टमधील बहुसंख्य हिस्सा वॉलमार्टने २०१८ मध्ये घेतला. कोणत्या पिनकोडवर कोणती वस्तू किती खपते, कोणत्या मार्गाने किती तासांत पोहोचते, हे त्यांना आपल्या व्यवहारांतून कळते. त्यात बेकायदा काही नाही. व्यवसाय करणारा हिशेब ठेवणारच. पण गल्लीतील किराणा दुकानदार, तालुक्याचा वितरक आणि गावचा गाडीवाला यांच्याशी या कंपन्यांची स्पर्धा असताना एकाच्या हाती दिवा आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी, अशी स्थिती शासनाने निमूट पाहत राहावी काय? स्वदेशीचा आग्रह म्हणजे केवळ विदेशी वस्तूंवर बहिष्कार नव्हे. आपल्या लहान व्यावसायिकाला स्पर्धेस उभे राहण्याइतके ज्ञान देणे, ही स्वदेशीची आजची पहिली पायरी आहे.

शासनाचे स्वतःचे नियोजनही याच अंधारात चालते. जालन्याच्या ड्राय पोर्टचे भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झाले. २०२१ मध्ये त्याचे रूपांतर बहुविध मालवाहतूक उद्यानात करण्याचा नवा करार करावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्राचे लॉजिस्टिक्स धोरण मंजूर केले. त्यात पनवेल, नागपूर-वर्धा येथील मोठ्या केंद्रांपासून जिल्ह्याजिल्ह्यांतील लहान केंद्रांपर्यंत विस्तृत आराखडा आहे. आराखड्याचे स्वागतच आहे. पण या केंद्रांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी लागतील. अमुक ठिकाणीच केंद्र का, शंभर एकरच का, तेथे कोणता माल येणार, हे विचारण्याचा अधिकार त्या जिल्ह्याला आहे. आणि विचारण्यासाठी लागणारे आकडे त्याच्यापाशी नाहीत. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. सातशे एक किलोमीटरच्या या मार्गाने विदर्भ-मराठवाड्याचा माल मुंबईला किती वाढला आणि मुंबईचा माल तिकडे किती वाढला, याचे उत्तर दरवर्षी प्रसिद्ध झाले पाहिजे. अन्यथा रस्ता समृद्धीचा आहे की केवळ वेगाचा, हे कळणार कसे?

आक्षेपांचा समाचार

पहिला आक्षेप गोपनीयतेचा. व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक आणि भाव प्रतिस्पर्ध्याला कळू नयेत, हे शंभर टक्के मान्य. परंतु येथे कोणाचे नाव, बिल किंवा वाहन क्रमांक मागितलेला नाही. जिल्ह्याहून जिल्ह्याला, मालाच्या प्रकारानुसार, महिन्याची बेरीज मागितली आहे. जेथे व्यवहार करणारे दोन-चारच असतील, तो रकाना झाकावा. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम १५२ व्यक्तीची ओळख पटेल अशा रीतीने माहिती प्रसिद्ध करण्यास मनाई करते. ओळख न पटणाऱ्या बेरजेला त्याचा अडसर नाही. दुसरा आक्षेप राष्ट्राच्या सुरक्षेचा. संरक्षणसामग्री आणि सीमावर्ती भागातील संवेदनशील वाहतूक खुशाल वगळावी. पण सोलापूरच्या चादरी हे लष्करी गुपित नव्हे! खरी अडचण वेगळी आहे. माहिती दडवणे म्हणजे अधिकार, ही वसाहतकालीन वृत्ती १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याबरोबर आपल्या बाबूशाहीत मुरली आणि माहितीचा अधिकार आल्यानंतरही पुरती उतरलेली नाही.

तिसरा आक्षेप आकडे अपुरे असल्याचा. तो खरा आहे आणि म्हणूनच महत्त्वाचा. ताजा कांदा, भाजीपाला, फळे करमुक्त असल्याने त्यांना ई-वे बिल लागत नाही. म्हणजे बिस्किटाचा प्रवास नोंदला जातो आणि कांद्याचा नाही. उपाय एकच, मोजण्याची स्वतंत्र व्यवस्था. जपान १९७० पासून दर पाच वर्षांनी मालाच्या प्रवाहाची गणना करतो. अमेरिका १९९३ पासून असे सर्वेक्षण नियमित करते आणि प्रदेशानुसार तक्ते कोणालाही विनामूल्य देते. आपल्याकडे योजना आयोगासाठी 'राइट्स'ने १९७८-७९, १९८६-८७ आणि २००७-०८ या वर्षांचे अभ्यास केले. नियमित परंपरा मात्र निर्माण झाली नाही. माहिती खुली झाली की समज कसे बदलतात, हेही आपण पाहिले आहे. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत करव्यवहारांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा राज्याराज्यांतील व्यापार राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असल्याचे दिसले. भारताची प्रांते एकमेकांपासून तुटलेली आहेत, हा जुना सिद्धान्त एका तक्त्याने कोसळला. हे राष्ट्र बाजारपेठेतही एकच आहे, याची साक्ष त्या बेरजेने दिली.

मालगणना हवी

या देशात जनगणना होते. १९१९ पासून पशुगणना होते. मग मालगणना का होऊ नये? मागण्या मोजक्या आहेत. ई-वे बिल आणि फास्टॅग यांतील बेरजा जिल्हानिहाय, दर महिन्याला खुल्या कराव्यात. बाजार समित्यांनी आवकेबरोबर जावकही, जिल्हा आणि राज्य लिहून, जाहीर करावी. करमुक्त आणि किरकोळ मालासाठी दर पाच वर्षांनी मालगणना व्हावी. जिल्हा समालोचनात मालवाहतुकीचे स्वतंत्र प्रकरण यावे, आणि हे सारे मराठीत यावे. जी माहिती ज्याच्या घामातून निर्माण झाली, ती त्याच्या भाषेत त्याला मिळणे हा उपकार नव्हे.

शासन हे आपणहून करील, अशी वाट पाहणे व्यर्थ आहे. राज्यघटनेने जिल्हा नियोजन समिती दिली आहे. तेथे आपल्या सदस्याकरवी हा प्रश्न विचारावा. व्यापारी महासंघ, ग्राहक संघटना, शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी ठराव करावेत. वाणिज्य महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना आठ दिवस बाजार समितीच्या फाटकाशी बसवून जावकेची वही लिहावयास लावावी. एका तालुक्याची अशी वही तयार झाली, तर ती अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवून 'हे आम्ही केले, तुम्ही का करीत नाही?' असे विचारता येईल. गावोगावी कार्यकर्ता आहे, त्याच्या हाती भ्रमणध्वनी आहे, आणि गाडीवान त्याच्या ओळखीचा आहे. ज्या वहीचे अर्धे पान इतकी वर्षे कोरे राहिले, ते भरावयास याहून अधिक सामग्री लागत नाही.